मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना खुलं पत्र: गावात मागे राहिलेल्यांचं काम आता मंडळाने अंगावर घ्यावं

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या गावांची मुंबई, ठाणे आणि पालघर इथली ग्रामस्थ मंडळं

सप्रेम नमस्कार.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. राज्यात लोकसंख्या घटलेला तिसरा जिल्हा एकच, मुंबई शहर. गिरणगावातल्या खोल्या सोडून डोंबिवली, दिवा, विरार, बदलापूरला गेलेली आपलीच माणसं त्या घटीतही आहेत.

दुसरा आकडा आम्हाला जास्त बोलका वाटतो. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत २००१ साली ११३६ बायका होत्या, २०११ साली ११२२. सिंधुदुर्गात १०७९ च्या १०३६ झाल्या. राज्याची सरासरी तेव्हा ९२९ होती. बायका जास्त, कारण बाप्ये मुंबईला. हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. हा फरक आता कमी होतोय, पण म्हणून बाप्ये परत आले असं नाही. पूर्वी एकटा पुरुष जायचा, बायको गावात राहून शेत, गुरं आणि सासू-सासरे बघायची. आता लग्न झालं की वर्षाच्या आत सूनही मुंबईला जाते. ती गेल्यावर घर चालवणारं मधल्या वयाचं माणूस उरत नाही, उरतात सत्तरीचे दोघे किंवा एकटी आजी. मनीऑर्डरीच्या काळातलं स्थलांतर आणि आजचं स्थलांतर यांत हा मोठा फरक आहे आणि आपल्या गावकीच्या सगळ्या व्यवस्था अजून जुन्याच काळाच्या हिशोबाने चालल्या आहेत.

हे पत्र सरकारला न लिहिता मंडळांना लिहिण्याचं कारण आहे. मंडळ हीच या दोन तुकड्यांत वाटल्या गेलेल्या कुटुंबाला जोडणारी एकमेव संस्था आहे. लालबाग, परळ, गिरगावात गावाच्या मालकीची खोली होती, तिथे रांगेने ट्रंका असायच्या, नवीन आलेल्या पोराला तिथेच पथारी मिळायची आणि गिरणीत चिकटवलं जायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या जगाचा शेवटही. मंडळं मात्र टिकली. ज्या मंडळाकडे वाडीवाडीतल्या प्रत्येक घरातल्या माणसाचा मुंबईतला फोन नंबर आहे, त्याच्याइतकी माहिती ना तहसील कार्यालयात आहे ना प्राथमिक आरोग्य केंद्रात. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, पालखी, भजनाचं सामान, क्रिकेटचे सामने हे सगळं मंडळांनी उत्तम करून दाखवलं आहे. देवळाच्या कामाविरुद्ध आमचं काही म्हणणं नाही. ज्यांनी हे उभं केलं त्यांनाच पुढचं काम जमेल, म्हणून मागणं त्यांच्याकडे.

सुरुवात दुखण्याखुपण्यापासून करतो. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरून पडतं, खुब्याचं हाड मोडतं. किंवा काजूच्या बागेत पाचोळ्यात फुरसं, म्हणजे विषारी साप, चावतं. आई फोन करते ती विरारच्या मुलाला. १०८ ची रुग्णवाहिका राज्यभर एकाच नंबरावर मिळते, त्यामुळे मुलगा तिथूनही बोलावू शकतो. अडतं ते पत्त्यावर. मधलीवाडी, खालचीवाडी, वरचीवाडी अशा नावाच्या वाड्या एका तालुक्यात दहा सापडतात, आणि दहा वर्षं गावात न राहिलेल्या मुलाला गाडी नेमकी कुठवर येते ते सांगता येत नाही. पुढची अडचण याहून मोठी. गाडी डांबरी रस्त्यावर थांबते आणि घर तिथून पायवाटेने खाली. माणसाला डोलीत घालून आणायचं तर चार खांदे लागतात, चढ असेल तर बदली धरून सहा. ज्या वाडीत सगळ्यात तरुण पुरुष पंचावन्नचा आहे, तिथे हे सहाजण कुठून आणायचे?

यावर मंडळाला करता येण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक घरासाठी एक पत्ता तयार करून ठेवावा: तालुका, गाव, वाडी, गाडी थांबण्याची खूण, तिथून घरापर्यंत चालत किती मिनिटं. तो मुलांच्या फोनमध्ये आणि घरात भिंतीवर, दोन्हीकडे हवा. वाडीच्या समाजमंदिरात एक घडीचं स्ट्रेचर ठेवावं आणि त्याची चावी शेजारच्या घरात असावी, सरपंचाच्या कपाटात नको. शेजारच्या दोन वाड्यांतल्या आणि बाजारपेठेतल्या रिक्षावाल्यांपैकी आठ-दहा पोरांची यादी करून त्यांच्याशी आधीच ठरवावं, गाडीभाडं मंडळ देईल असं सांगून ठेवावं. साप चावल्यावर चिरणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांतलं काही करू नये, पाय हलवू न देता माणसाला उचलून सरळ सरकारी रुग्णालयात न्यावं, हे त्या पोरांना एकदा डॉक्टरांकडूनच ऐकवावं.

रोजच्या औषधांत होणारा एक घोळ इतका सर्रास आहे की तो नीट मांडायला हवा. मुलगा गणपतीला येताना मुंबईच्या डॉक्टरने लिहिलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणतो. गावच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात त्याच औषधाची गोळी फुकट मिळते, पण पाकिटाचा रंग वेगळा आणि नाव वेगळं. आई दोन्ही घेते, कारण दोन्ही डॉक्टरांनीच दिलेल्या असतात. मग सकाळी उठताना चक्कर येते, पडते. याउलट तीन महिन्यांच्या गोळ्या संपतात आणि पुढचं पाकीट शिमग्यापर्यंत येत नाही. मधल्या काळात काही होत नाहीये म्हणून गोळी बंदच राहते. एका कागदावर औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे), किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, आणि ती गोळी कुठून आणायची, एवढं मोठ्या अक्षरांत लिहून कॅलेंडरशेजारी लावलं की अर्धा घोळ मिटतो. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. मुलाने त्यांना एकदा मुंबईचा कागद दाखवावा आणि दोन्हींपैकी एकच गोळी चालू ठेवावी. आमचं मत विचाराल तर गावातलीच, कारण ती दर महिन्याला मिळते आणि त्या निमित्ताने प्रेशर तपासलं जातं.

पैशांचं आणि कागदांचं तसंच. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्या निराधारांना महिना १५०० रुपये मिळतात. ते बंद पडतात ते बहुतेक वेळा हयातीचा दाखला वेळेत न दिल्यामुळे, नाहीतर आधार खात्याला जोडलेलं नसल्यामुळे. ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. कार्ड काढायला बसलं की आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो, आणि तो नंबर असतो मुलाने आठ वर्षांपूर्वी वापरून बंद केलेला. केंद्रावर आजी हेलपाटे घालते आणि कोणी सांगत नाही की आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचा आहे. हे काम मे महिन्यात मुलं गावी असताना एका दिवसात होतं. नंबर आईच्या स्वतःच्या फोनचा टाकावा. तिला ओटीपी वाचता येत नसेल तर शेजारच्या घरातलं कोणीही वाचून दाखवेल. मुंबईचा मुलगा ड्युटीवर असला तर फोन उचलणार नाही.

शेतात, चुलीपाशी आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे झिजतात. रेशनच्या मशीनवर आणि बँक मित्राकडे अंगठा उमटत नाही, तेव्हा 'उद्या या' म्हटलं जातं. अंगठ्याऐवजी दुसरं बोट लावून बघणं, हात कोमट पाण्याने धुऊन पुसून लावणं यानेही पुष्कळदा काम होतं. हयातीच्या दाखल्याला चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे काढून देऊ शकतो. मुलाने पाठवलेले पाच हजार आणायला पंधरा किलोमीटरवरच्या बँकेत दोनशे रुपये रिक्षाला घालायची गरज नाही, पण ही सोय आहे हे माहीत असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच.

आता जमिनीकडे येतो, कारण बाकी सगळं तिथे जाऊन अडकतं.

आपल्या सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असतात आणि त्यांतली अर्धी माणसं वारलेली असतात. आजोबा गावात वारले, वडील मुंबईत. मुंबईतल्या मृत्यूचा दाखला महापालिकेकडून मिळाला, विम्याच्या आणि पीएफच्या कामाला वापरला गेला आणि फायलीत राहिला. गावच्या तलाठ्याला कळलंच नाही. दुसरी पिढीही जाते तेव्हा वारसांची संख्या तिप्पट होते आणि ते नालासोपाऱ्यापासून सुरतेपर्यंत पांगलेले असतात. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायला हवं. उशीर झाला तरी नोंद होते, मात्र दर वर्षी काम अवघड होत जातं. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याच कारणाने. ज्या घरांची माणसं गावात हजर होती त्यांची कामं झाली. मुंबईकरांची बहुतांशी तशीच राहिली.

काय लागतं ते सांगतो. मृत्यूचा दाखला. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), दोन्ही डिजिटल सहीचे ऑनलाइन मिळतात. सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मयताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. अर्ज एका वारसाने केला तरी चालतो, आणि ई-हक्क प्रणालीवरून मुंबईत बसूनही करता येतो. मग तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस रजिस्टरला नोंद घेतात, चौकशी होते, फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसेल तर पंधरा दिवसांनंतर महसूल खात्याचे मंडळ अधिकारी तो मंजूर करतात.

बिघडतं ते चार ठिकाणी. सातबाऱ्यावर 'बाळा सखाराम' आणि दाखल्यावर 'बाळकृष्ण सखाराम' असतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि शाळेचा दाखला किंवा जुना फेरफार जोडावा. आजोबांच्या मृत्यूची नोंदच झालेली नसते. एक वर्ष उलटलेला मृत्यू नोंदवायला महसूल अधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याला महिने जातात, म्हणून तो अर्ज सगळ्यांत आधी टाकावा. पत्ते जुने असतात, 'चाळ नंबर ४, करी रोड' असे, आणि चाळ पडून टॉवर झालेला असतो. नोटीस परत येते. चौथी गोष्ट सगळ्यांत वाईट: बहिणींची नावं गाळली जातात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. ती हक्क सोडणार असेल तर ते तिने स्वतःहून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने करावं. 'तिला काही नकोय' म्हणून भावाने परस्पर वगळलेलं नाव दहा वर्षांनी दाव्याच्या रूपाने परत येतं, आणि तोवर भावाबहिणीचं जाणंयेणं बंद झालेलं असतं. मंडळाने या बाबतीत भावांच्या बाजूने गप्प बसू नये.

हे सारं जमवायला आपल्याकडे वर्षातून एक वेळ हमखास येते. गणपतीला सगळे वारस एका घरात असतात. चूक अशी होते की कागदांची आठवण दीड दिवसाच्या विसर्जनानंतर येते, तेव्हा ऑफिसला सुट्टी, आणि ऑफिस उघडेपर्यंत परतीची गाडी. म्हणून आषाढात मंडळाच्या कार्यालयात वाडीनिहाय वंशावळी लिहून घ्या. उतारे ऑनलाइन काढा. नावांतले फरक आत्ताच शोधा. प्रतिज्ञापत्रांचे मसुदे तयार ठेवा. सणात फक्त वाचून दाखवणं आणि सह्या, एवढंच उरलं पाहिजे. ग्राम महसूल अधिकाऱ्यांना महिनाभर आधी पत्र देऊन गौरीविसर्जनानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी वाडीत बसायची विनंती करा. पन्नास अर्ज एकदम तयार असतील तर ते येतात.

गावातल्या तरुणाची कोंडी या जागीच आहे. जो पोरगा गावात राहिला, आंबा-काजू बघतो, त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, कारण आजोबांचंच अजून निघालेलं नाही. त्याला पीककर्ज मिळत नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अर्ज करायचा तर सहहिस्सेदारांची संमती लागते आणि बत्तीस जणांची संमती तो कुठून आणणार? फळपीक विम्यातही तेच. मग लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे विचारतात, 'मुंबईला खोली आहे का?' आणि त्याच्याकडे स्वतःचं म्हणून दाखवायला ना खोली असते ना गुंठाभर जमीन. आई-बापांजवळ राहायचं ठरवलेल्या मुलाला आपण सगळ्यांनी मिळून बिनजमिनीचा आणि बिनलग्नाचा ठेवलं आहे. मंडळांच्या वधू-वर मेळाव्यांत गावी राहणाऱ्या मुलांची नावं यादीच्या शेवटी येतात. ती आधी घ्या, त्यांच्या बागेची कलमं आणि वर्षाचं उत्पन्न लिहून घ्या. आणि भाऊबंदांनी त्याला लेखी संमतीपत्र द्यावं; त्याने कोणाचा हिस्सा जात नाही.

जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची भीती आहे ती कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने अनेकांच्या जमिनी कसणाऱ्याकडे गेल्या, आणि कुळांचा तो हक्क न्याय्यच होता. आज त्या आठवणीने जमीन पड ठेवली जाते. आमचा सल्ला एवढाच की झाडांवरचं एका हंगामाचं फळ विकत देणं आणि जमीन कसायला देणं या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. कोणताही करार तोंडी न करता तालुक्याच्या वकिलाकडून लिहून घ्यावा. हिस्सा विकायचाच झाला तर आधी भाऊबंदांना विचारावं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने सहवारसांना आधी विकत घ्यायचा हक्क दिला आहे. एकाने विरारमध्ये दलालाला सामाईक हिस्सा विकला की गावातल्या आईच्या अंगणापर्यंत परका हिस्सेदार येतो.

पड जमिनीचं नुकसान मालकापुरतं राहत नाही. एकाने भातशेती सोडली की कोपऱ्यात रान वाढतं. पाच जणांनी सोडली की रानडुकरांना लपायला जागा होते आणि सहाव्याचं भात एका रात्रीत जातं. वानरं घराच्या छपरापर्यंत येतात. सहावा पुढच्या वर्षी लावणी करत नाही, आणि लावणीला सावड (आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणं) करायलाही तो एकटाच उरलेला असतो. गुरं गेली म्हणून गवत कापलं जात नाही, ते उभ्यानं वाळतं आणि फेब्रुवारीनंतर वणवा पेटला की कलमं-काजू जळतात. मुंबईला असलात तरी जानेवारी संपायच्या आत आपल्या बागेभोवती दहा फुटांचा पट्टा गवत काढून स्वच्छ करून घ्या. दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. जळालेलं काजूचं कलम पुन्हा धरायला तीन-चार वर्षं लागतात.

बंद घरांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण मंडळी म्हणतात, 'निवृत्तीनंतर जाऊ', आणि तोवर जायला घर राहत नाही. चिरेबंदी भिंतीचं आणि मंगलोरी कौलांचं घर वापरात असेपर्यंत पिढ्या काढतं. बंद झाल्यावर ते पाच-सात पावसाळ्यांत बसतं. कारण चुलीचा धूर. रोजच्या धुराने वासे आणि रिपा सुक्या राहतात, वाळवीला तिथे थारा मिळत नाही. चूल बंद झाली की पहिल्याच पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. वानरांच्या उड्यांनी दोन-चार कौलं फुटतात, तिथून पाणी वाशाच्या टोकावर येतं, टोक कुजतं, आढं खाली येतं आणि मग भिंत ढासळते.

मे महिन्यात आल्यावर भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभे राहा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार. फुटकी कौलं बदलताना त्याच कारखान्याच्या छापाची घ्या, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. पडलेल्या जुन्या घराची शंभर-पन्नास कौलं विकत घेऊन पडवीत रचून ठेवलेली बरी. पन्हळीतला पाला काढा, पश्चिमेच्या भिंतीला झडीसाठी झापं किंवा ताडपत्री बांधा. आणि पावसाळ्यात महिन्यातून दोनदा कोणीतरी दार उघडून चुलीत तासभर जाळ करील एवढी व्यवस्था करा. विजेचं बिल भरत राहा. मीटर एकदा कायमचा काढून नेला की नवीन जोडणीला पुन्हा घराचा उतारा लागतो, आणि घरही आजोबांच्याच नावावर असतं.

शाळेचं सांगायचं तर वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा आपल्या दोन जिल्ह्यांत गावोगाव आहेत आणि त्या एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला. पावसात ओढे ओलांडून सहा वर्षांचं मूल तीन किलोमीटर जाणार नाही, हे ठामपणे सांगायला हवं. त्याचबरोबर आंब्याच्या बागांत राबायला नेपाळहून कुटुंबं येतात, पावसाळा संपल्यावर येतात आणि आंबा उरकला की परततात. त्यांची मुलं बागेतल्या खोपीत दिवसभर असतात. तीही शाळेतच यायला हवीत, शिक्षण हक्क कायदा त्यांनाही लागू आहे. आपल्या आजोबांना मुंबईत गावाच्या खोलीने जो आधार दिला, तो आपल्या गावात आलेल्या या माणसांना द्यायला कोणीच नाही.

आई-वडिलांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्याचा उल्लेख धमकी म्हणून करत नाही. प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात महिना १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे, हे वाडीत माहीत असावं. म्हाताऱ्यांनी घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचं ठरवलं तर सांभाळण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्यावी. मग ती मोडल्यास कलम २३ प्रमाणे दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसली तर हे अवघड जातं.

आता मंडळाने काय उभं करायचं. आमचा प्रस्ताव गावातल्याच एका बाईला मानधनावर नेमण्याचा आहे. समजा गावात एकटी किंवा दोघंच राहणारी वीस घरं आहेत. प्रत्येक घरी आठवड्यातून दोनदा जायचं तर दिवसाला सात भेटी होतात, चालण्याचा वेळ धरून रोज साडेतीन तास. तिने गोळ्या बघायच्या, फोन लावून द्यायचा, रेशन-बँकेचं काय अडलंय ते वहीत लिहायचं आणि महिन्याला ती वही मंडळाला पाठवायची. धुणीभांडी, स्वयंपाक, इंजेक्शन हे तिचं काम नाही, हे पहिल्या दिवशीच घरोघरी सांगावं. हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट घालू नये. त्यांच्याकडे आधीच पुरेसं आहे.

१२० सभासदांनी महिना १५० रुपये काढले तर १८ हजार होतात. मानधन ६ हजार, फोन आणि प्रवास १ हजार, आजारपणातल्या गाडीभाड्याला ५ हजार, उरलेले ६ हजार राखीव. अशा योजना तिसऱ्या-चौथ्या महिन्याला बंद पडतात, कारण आपली वर्गणी गणपतीत एकदाच गोळा होते आणि मानधन दर महिन्याला द्यायचं असतं. म्हणून पहिल्या वर्षाचे ७२ हजार मानधनाचे आधी बँकेत जमा करा आणि मगच तिला नेमा. पैसे थेट तिच्या खात्यात जावेत. देवळाच्या नावाने जमवलेला निधी इकडे वळवू नका, वेगळं खातं ठेवा. मंडळाच्या घटनेत उद्देश फक्त धार्मिक असेल तर सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ती रीतसर नोंदवून घ्या.

एकाच गावाची दोन-तीन मंडळं असतात, वाडीची वेगळी, जातीची वेगळी, बौद्धवाडीचं वेगळं. बाकी काही एकत्र करा असं आम्ही म्हणत नाही, पण ही यादी आणि ही नेमणूक सगळ्या वाड्यांची एकच असावी. डोली उचलायला लागणारे सहाजण कोणत्याच एका वाडीत नाहीत. आणि २०२७ च्या जनगणनेसाठी, जिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, गावात राहत नसलेल्यांची नावं गावच्या घरात घालू नका. खरी संख्या पुढे आली तरच एकट्या म्हाताऱ्यांची गावं कोणती ते सरकारला दिसेल.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घालण्यासाठी ठरावाचा मसुदा देत आहोत. आपल्या गावाप्रमाणे आकडे बदलून घ्या.

'मंडळाने गावातील सर्व वाड्यांमधील एकटे किंवा दोघेच राहणारे ज्येष्ठ, बंद घरे आणि वारस नोंद न झालेली जमिनीची खाती यांची यादी तीन महिन्यांत पूर्ण करावी. ज्येष्ठांच्या भेटीसाठी गावातील एका महिलेची एक वर्षासाठी महिना ६,००० रुपये मानधनावर नेमणूक करावी; त्यासाठी ७२,००० रुपये स्वतंत्र खात्यात आगाऊ जमा करावेत. गणेशोत्सवात वारस नोंदीचे शिबिर घ्यावे व त्यात मुलींची नावे वगळलेला कोणताही अर्ज मंडळामार्फत दाखल करू नये. मे महिन्यात बंद घरांच्या कौलांची आणि जानेवारीत बागांभोवतीच्या पट्ट्यांची पाहणी करून संबंधित सभासदांना कळवावे. या कामाची जबाबदारी पाच जणांच्या समितीवर राहील, त्यात किमान दोन महिला आणि किमान दोन गावात राहणारे सभासद असतील.'

आपले,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या गावांत आरोग्य, महसूल आणि शाळांचं काम करणारे आम्ही काही जण